तांबेऱ्यातली हिरवी ओळ

लोक पिकं वाढवतात, मी रोग वाढवत आले. निपाणीजवळच्या एका गावात आमच्या संशोधन केंद्राने सोयाबीनसाठी थोडं रान भाड्याने घेतलं होतं. तिथे मी नवे वाण पेरायची आणि त्यांच्या मधेमधे एका जुन्या वाणाच्या ओळी, ज्याला तांबेरा हमखास लागतो. तांबेरा म्हणजे पानाच्या पाठीवर येणारी बुरशी. बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. ती वाऱ्याने सगळ्या रानात पसरावी म्हणून ही खटपट. औषधाचा थेंबही मारायचा नाही. सगळं करपल्यावर जे झाड हिरवं राहील, त्याच्यापासून पुढचं बियाणं. असं झाड मला अजून मिळालं नव्हतं.

बांधावरून जाणारे लोक माझं रान बघून हळहळायचे. "म्याडम, तुमच्या सोयाबीनचं तेल न्हाय, नुसती हळद निघणार बघा," एकाने चेष्टा केली. मी पण हसले. बेळगावात, कॅम्पातल्या माझ्या दोन खोल्यांत, हसायला तेवढंही निमित्त नसे. लग्न राहून गेलं, आई गेली, भावाचा फोन सणासुदीला. एकटेपणाची सवय होते म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सवय बिवय काही होत नाही. तक्रार ऐकायला कुणी नसतं, एवढंच.

निवृत्तीआधीचा माझा तो शेवटचा हंगाम. माझ्यानंतर हे काम बंद होणार, हे साहेबांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. आणि त्याच हंगामात, अगदी कडेच्या कोपऱ्यात, एक ओळ स्वच्छ राहिली. शेजारच्या ओळींवर ठिपके आले, तिच्यावर नाहीत. भिंग लावून पान न् पान बघितलं. मग मी रोज तिच्याजवळ बांधावर बसू लागले आणि बोलू लागले. गुडघ्याचं दुखणं, भावजयीचं तुसडेपण, काय वाटेल ते. झाडाला काय, ते ऐकून घेतं.

मधे बैठकीसाठी काही दिवस बेळगावला जावं लागलं. परत आले तेव्हा सगळं रान करपून पानं गळाली होती आणि ती ओळ हिरवीगार उभी होती. मी चक्क टाळ्या वाजवल्या. फोन काढला, पण कुणाला करायचा ते सुचेना. परत पर्समध्ये टाकला.

माझ्या टाळ्या शेजारच्या रानातल्या आक्काने ऐकल्या. जैनांचं घर, माझ्याहून थोडी मोठी बाई, मजुरांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलणारी. तिने हाताला धरून घरी नेलं. ती मंडळी दिवस मावळायच्या आत जेवतात, मावळल्यावर अन्न तोंडात घेत नाहीत. घरातले बाकीचे जेवून उठले होते. तिने मला आधी वाढलं, स्वतः मागून बसणार होती. मी भाकरी मोडता मोडता हिरव्या ओळीची खबर दिली.

"हिरवी ऱ्हाणारच की," ती हसली. "तू गेलतीस तवा आमच्या रानात औषध मारत हुतो. म्हटलं, म्याडम रोज त्या ओळीपाशी बसून बोलती, तिचा जीव हाय त्यात. म्हणून तेवढ्याच ओळीला पंप मारून घेटलं. मी सोता उभी ऱ्हाऊन मारून घेटलं गं."

ती ओळ स्वतःच्या बळावर हिरवी राहिली की आक्काच्या औषधावर, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मला इतका राग आला की ताट सरकवून निघून जावंसं वाटलं. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून उठवेना. खोटंही बोलवेना. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मग फुडल्या साली परत पेर की."

"फुडल्या साली मी रिटायर, आक्का. माझ्यामागं हे कुणी पेरत न्हाय."

"व्हय? मग घरात कोण असतंय तुझ्या?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "कुणी न्हाय," मी म्हणाले, आणि त्या ओळीसाठी न आलेलं रडू तेव्हा आलं. आक्काने समजूत काढली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती तशीच बसून राहिली, मी गप्प होईपर्यंत. मी डोळे पुसले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आक्का उठली, चुलीजवळची तिची झाकलेली भाकरी तिने बाहेर नेऊन गाईला घातली.