नमुन्याच्या भाकरी

“ती पिशवी? तिच्या भाकरी केल्या मी,” आई म्हणाली.

मी गच्चीवरून धावत खाली आलो होतो. तिथं दोरीवर वाळत घातलेली कापडी पिशवी रिकामी लोंबत होती. आईनं ती धुऊनसुद्धा टाकली होती.

“आई, ती जवारी ऑफिसची होती!”

“तिच्यावर काय नाव लिव्हलं होतं का? अन् हळू बोल. अण्णा जेवून राह्यले.”

अण्णा म्हणजे माझे वडील. विषमज्वरातून नुकतेच उठले होते, म्हणून गावाकडून नवीन जालन्यात माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणले होते. ताप गेला, पण भूक परत आलीच नाही. बाजारातल्या हायब्रीड ज्वारीची भाकरी दोन बोटांनी उचलायचे आणि परत ताटात ठेवायचे. “पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही,” असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आज अण्णा दुसरी भाकरी मोडत होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या जवळ सरकवला.

आता ती पिशवी काय होती ते सांगतो. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी कृषी खात्यात आकडेवारीच्या कामाला होतो. देशात ज्वारी किती होणार याचा अंदाज दिल्लीत निघतो, असं लोकांना वाटतं. तो निघतो माझ्यासारख्या, दोरी घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांच्या आकड्यांवरून. गावातलं कोणतं शेत आणि शेतातला कोणता कोपरा, हे छापील आकड्यांच्या तक्त्यावरून ठरतं. म्हणजे चांगलं पीक बघून तिथं बसायची सोय नाही. खुंट्या ठोकायच्या, दहा मीटर बाय पाच मीटर दोरी ताणायची, आतलं पीक काढायचं, कणसं बडवायची, दाणे तोलायचे. हा पीक कापणी प्रयोग. पण ताज्या दाण्यात ओल असते. म्हणून त्यातले किलोभर दाणे पिशवीत घालून वाळवायचे, पुन्हा तोलायचे आणि आलेली घट सगळ्या वजनाला लावायची. नाहीतर कागदावर देश दाण्याबरोबर पाणीही खातो.

पिशवी ऑफिसात ठेवली तर उंदीर खातात, म्हणून मी हुशारीनं घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी ती तोलायची होती.

सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. पिशवी गेली, एवढंच म्हणालो.

“या सीझनचा त्या गावातला तुमचा एक एक्स्पेरिमेंट आधीच लॉस्ट आहे,” साहेब म्हणाले. “हाही गेला तर ते गाव हिशेबातून बाद. अन् कारण काय लिहिणार?”

“वडिलांनी खाल्लं, सर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “परवा फॉर्म जायचाय,” एवढंच म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचा मित्र कुजबुजला, “किलोत शंभर-सव्वाशे ग्रॅम घट येतेच की. लिहून टाक. कोण बघतंय?”

मी पेन्सिलीनं आठशे ऐंशी लिहिलं. दिसायला आकडा अगदी खरा दिसत होता. तेच बघवेना. खोडरबरानं खोडला, कागदही थोडा फाटला, आणि राजूरची एसटी पकडली. राजूरच्या अलीकडे गयाबाईंचं शेत होतं. प्लॉटचे उरलेले दाणे त्यांच्याकडेच ठेवले होते. नियमानं ते शेतकऱ्याचेच असतात. आता आठवड्यावर दिवस झाले, म्हणजे तेही दळून झाले असणार. मी चाललो होतो ते केवळ कोऱ्या रकान्यासमोर बसवत नव्हतं म्हणून.

गयाबाई दारातच शेंगा सोलत होत्या. साठीच्या, तीन एकर स्वतः कसणाऱ्या. मला बघताच उठल्या.

“आलात का एकदाचे! किती दिस राखायची सरकारची जवारी? उंदरं हाकलू हाकलू कटाळा आला.”

“सरकारची?”

“मंग कोणाची? तुम्ही दोरी लावली, तुम्हीच तोलली. एक पिशवी घेऊन गेले, बाकी इथं टाकून गेले. काही बोलले न्हाई. एसटी चुकंल म्हणून पळत सुटले.”

बाकीचं तुमचंच आहे, हे सांगायचं मी विसरलो होतो. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, धोतर अंथरून त्यांनी ते दाणे रोज उन्हात घातले होते, वर जुनी मच्छरदाणी. एक दाणा घरात घेतला नव्हता. बाकीचं रान अजून काढायचं होतं, तोवर बाईंनी बाजारातून मापून आणलेली हायब्रीड खाल्ली होती आणि माझा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, राखला होता.

मी वर चढून तिथंच धाब्यावर बसून सगळं सांगितलं. पिशवी, आई, अण्णा, आणि हे दाणे त्यांचेच आहेत, हेसुद्धा.

“ते राहू द्या,” गयाबाई म्हणाल्या. “जेवले का म्हातारबाबा?”

“दोन भाकरी.”

“मंग बराबर झालं.”

प्लॉटचं ओलं वजन वहीत होतं. त्यातून माझा किलो वजा केला, उरलेलं वाळलेलं तोललं. घट निघाली. खरी. पेन्सिलीच्या आकड्याच्या जवळपासच होती, पण तो नव्हता.

निघताना त्यांनी त्यातलेच दोन शेर फडक्यात बांधले. शेतकऱ्याकडून काही घेता येत नाही, असं मी नियमासकट समजावलं.

“इतके दिस सरकारचं म्या राखलं,” त्या म्हणाल्या. “आता तुम्हीच म्हणता, माझं हाये. मंग माझं मी आजारी माणसाला देऊन राह्यले. तुम्ही फक्त हमाल.”

हमाल मुकाट्यानं एसटीत बसला.

फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नमुना घरी खाण्यात आला. उरलेल्या धान्यावरून घट काढली.’ साहेबांनी दोनदा वाचलं.

“शाळू होता?”

“हो सर.”

“गोड असतो त्या बाजूचा,” म्हणाले, आणि सही केली.

काही महिन्यांनी पेपरात देशाच्या ज्वारीचा आकडा आला. अण्णा तोवर काठीशिवाय चौकापर्यंत जाऊन येत होते. बातमी वाचून त्यांनी विचारलं, “यात माझ्या भाकरी धरल्या का?”

“धरल्या. वाळवून.”

पुढं नोकरीभर मी दोन गोष्टी पाळल्या. दोरी सोडायच्या आधी शेतकऱ्याला सांगायचं, बाकीचं तुमचं. आणि पिशवीला लाल चिंधी शिवायची. चिठ्ठी नाही, चिंधीच. कारण आईला वाचता येत नव्हतं. खात्याच्या सूचनापुस्तिकेत चिंधीचा उल्लेख नाही. असायला हवा होता.