दाराशी बसलेल्या विमलबाई

हे मी माझ्या लेकीलासुद्धा बोललेले नाही. पाळकांजवळ नाही, प्रार्थनेतही सरळ शब्दांत नाही. प्रार्थनेत मी "माझे अपराध" एवढंच म्हणते आणि पुढे सरकते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रावेतला एका बंधूंच्या रो-हाउसच्या हॉलमध्ये रविवारी तीस-चाळीस माणसं जमतो. बहुतेक सगळे नगर जिल्ह्यातून इकडे कंपन्यांच्या मागे आलेले. पाळकही तरुण, आठवडाभर चाकणला शिफ्ट करतात आणि रविवारी बायबलमधलं वचन सांगतात. मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून पहिल्या मंडळीविषयी, म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांविषयी, शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. घराघरांत जमून भाकर मोडणारी ती माणसं, रोमच्या राजवटीत सिंहांपुढे उभी राहणारी, एक शब्द फिरवला असता तर वाचली असती अशी. त्यांच्याबद्दल मी जीव ओतून बोलायची. ते नाटक नव्हतं, एवढं मात्र माना.

विमलबाई गायकवाड आमच्यात गाणी म्हणायच्या. गोड आवाज. त्या आवाजाची मला आठ वर्षं चीड होती.

का? माझ्या रूथचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, साखरपुड्याची तारीख धरलेली. रूथला लहानपणी दोनदा फिट आली होती, ते आम्ही त्या लोकांना सांगितलं नव्हतं. विमलबाईंनी सांगितलं. मुलाच्या मावशीला, सहज, चहा पिताना. आठ दिवसांत निरोप आला — जमणार नाही. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता येईना. खोटं असतं तर दारात जाऊन ओरडले असते — खऱ्याचं काय करणार?

रूथचं पुढे दुसरीकडे झालं. दोन मुलं आहेत, सुखात आहे. ती तर म्हणते, "आई, ते मोडलं ते बरंच झालं." म्हणजे राग धरायला तिच्याकडे कारणच उरलं नाही. मी माझ्याकडचा सोडला नाही.

मग विमलबाईंच्या नवऱ्याला, दावीदभाऊंना, अर्धांगवायू झाला. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना उतरवता येईना, म्हणून त्यांनी पुनावळ्यात तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं. त्यांच्या घरमालकिणीची नात माझ्या वर्गात. पालकसभेला त्या आजी आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "गायकवाडबाई लई गुणाची हाय बगा. आमी आधीच इचारलं हुतं, तुमी कुनाचे म्हून. म्हनली, आमी तुळजापूरच्या देवीचे. आमाला तर बाई दुसऱ्या धर्माचं भाडेकरू नगंच हुतं."

"हो का?" मी म्हणाले.

तुम्हाला वाटेल, मी त्या आजींना खरं सांगून टाकलं. नाही. सांगितलं असतं तर महिन्यात घर गेलं असतं. पण मला त्यांचं घर नको होतं. मला त्यांचा चेहरा हवा होता, सगळ्यांसमोर.

पुढच्या रविवारपासून मी "पडलेल्यांविषयी" शिकवायला घेतलं. छळाच्या काळात जे घाबरले, ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, त्यांच्याविषयी. तीन रविवार. बोलताना मी विमलबाईंकडे बघत नव्हते, त्यांच्या शेजारच्या भिंतीकडे बघत होते. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, "आज आपल्याला सिंह नाहीत. तरी आपल्यात कोणी नाकारलं असेल, तर त्यानं उठावं."

त्या उठल्या. मला नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. रडत सगळं सांगितलं — ह्यांना घेऊन कुठं जाऊ, कुणी घर देईना, भिंतीवरचा क्रूस काढून कपाटात ठेवलाय, तीन वर्षं झाली. दावीदभाऊ खुर्चीत बसलेले. त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं की बायको त्यांच्यासाठी काय बोलून आलीये. क्रूस घर बदलताना तुटला, असंच त्यांना वाटत होतं.

मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, तर तीनदा नाकारलं होतं, बाई."

मी म्हणाले, "पेत्र कोंबडा आरवल्याबरोबर रडला. ह्या तीन वर्षं तशाच राहिल्या."

कसं सुचलं मला? तयार होतं. घरी म्हणून पाहिलं होतं.

मग पाळकांनी विचारलं, "बाई, पहिल्या मंडळीत अशांचं काय करत?" त्यांना मनापासून पहिल्या मंडळीसारखं व्हायचं होतं. सगळ्यांनाच व्हायचं होतं.

"दाराशी बसवत," मी म्हणाले. "प्रभुभोजनाची भाकर देत नसत. कित्येक वर्षं."

"आणि परत घेण्याविषयी काही आहे?"

आता येते ती गोष्ट — जिच्याभोवती मी एवढा वेळ फिरतेय. आहे. पुष्कळ आहे. माझ्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे. ज्यांनी नाकारलं नाही, ज्यांनी मार खाल्ला, तेच तुरुंगातून चिठ्ठ्या पाठवत — ह्या पडलेल्या भावाला, ह्या बहिणीला परत घ्या, शांती द्या. ज्यांना रागवायचा हक्क होता, त्यांनीच क्षमा मागितली, दुसऱ्यांसाठी. ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. आदल्याच रात्री तिसऱ्यांदा.

"एवढंच मिळतं," मी म्हणाले.

एक वर्ष ठरलं. विमलबाईंनी मान हलवली. त्या चपलांच्या रॅकजवळ खुर्ची टाकून बसू लागल्या. गाणं बंद. आणि मला काय वाटलं, विचाराल? बरं वाटलं. दर रविवारी आत शिरताना मी त्यांच्या पायाशी चपला काढायची, सावकाश.

एक मात्र मी धरलं नव्हतं. प्रभुभोजनाला, महिन्यातून एकदा येशूच्या आठवणीत सगळे भाकर वाटून खातो तेव्हा, पाळक ती घेऊन दावीदभाऊंजवळ गेले, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. बोलता येत नव्हतं नीट. चांगल्या हातानं दाराकडे बोट केलं. पाळकांनी समजावलं, विमलबाईंनी तिकडूनच हात जोडले, "अहो, घ्या हो." नाही घेतली. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सात महिने तो माणूस तोंड मिटून बसला. माझं एक वाक्य लागलं असतं. "अजून एक प्रकरण सापडलं," एवढंच. दर वेळी मी डोळे मिटून प्रार्थनेत असल्यासारखी बसले.

आठव्या महिन्यात ते गेले. भाकर न घेता.

दफनविधीनंतर विमलबाई माझ्याकडे आल्या. माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळं माझ्या तोंडून खरं निघालं. ह्यांना जाण्याआधी कळलं तरी. नाहीतर मी तशीच राहिले असते." त्यांचे हात गार होते. थट्टा नव्हती त्यात, टोमणा नव्हता. मी नीट बघितलं, शोधलं.

"प्रभू मोठा आहे," मी म्हणाले.

घरी आले. कुकर लावला. वरणभात, लोणचं. पोटभर जेवले, आणि दुपारची झोपही लागली.