सरांचं इंजेक्शन

“मॅडम, बाबांचं ते इंजेक्शन बंदच राहू द्या. या वयात शोभत नाही.”

मुलगा बोलत होता. बाबा, म्हणजे कसब्यातले निवृत्त चित्रकलेचे सर, मनगटाला प्लास्टर घालून बसले होते. शेजारी त्यांच्या मिसेस, मांडीवर पिशवी.

मी हार्मोन्सची डॉक्टर. सरांच्या पिट्यूटरीत गाठ होती. मेंदूखालची ही ग्रंथी बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. गाठीच्या ऑपरेशननंतर ही ग्रंथीच थंडावली आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, बनेनासं झालं. ते नसलं की थकवा येतो, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. सगळ्या टेस्ट करून मी इंजेक्शन सुरू केलं. जिन्यात धापा टाकणारे सर पुन्हा चित्रं काढायला लागले. मग गुपचूप त्यांनी ते बंद केलं, आणि परवा बाथरूममध्ये साधं घसरले तर मनगट मोडलं.

“का थांबवलंत?”

उत्तर मुलानंच दिलं, “गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, काय सर, नवी इनिंग का? यांना रोज तिथूनच जायचं असतं.”

माझं डोकंच फिरलं. “थायरॉइडची गोळी चालते, इन्सुलिन चालतं. तीही हार्मोन्सच आहेत. आज मनगटावर निभावलं. उद्या खुबा मोडून अंथरुणाला खिळले, की मग शोभेल?”

मुलगा जरा नरमला. “बरं, मी वारज्याहून आणून देतो. तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही.”

“कशाला?” मिसेस पहिल्यांदाच बोलल्या. “चोरीचा माल आहे का? मॅडम, तुम्ही लिहा. मी आणते. आपल्याच गल्लीतून.”

पुढचं मला सरांनीच सांगितलं. बाई ऐन गर्दीच्या वेळी दुकानात गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन द्या. आमच्या ह्यांचं.” दुकानदार गालात हसला. बाई म्हणाल्या, “हसून झालं की बिल करा.”

त्यानं मुकाट्यानं बिल केलं आणि इंजेक्शन वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. बाईंनी तिथेच कागद उलगडून त्याला परत केला. “हा तुमचा तुम्हाला ठेवा. आम्हाला काही झाकायचं नाही.”

हे सांगताना सर कितीतरी दिवसांनी मोकळे हसत होते. मनगट जुळलं, इंजेक्शन आजतागायत चालू आहे.

तेव्हापासून हे औषध लिहून दिलं की मी पेशंटला विचारते, “गल्लीतल्या दुकानातून आणाल ना?” तो चुळबुळला, तर पुढच्या वेळी बायकोला घेऊन यायला सांगते.