हात धुवा सांगणारी बाई

लोकांकडे साठतात ते हसवणारे किस्से. आमच्याकडे साठतात ते हसता हसता घशात अडकणारे. एक सांगून संपत नाही तोवर दुसरा घडलेला असतो.

मी यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. वेळेआधी जन्मलेली, अशक्त बाळं काचेच्या पेट्यांत ठेवतात ना, त्या खोलीत कुणाच्या हातावरून जंतू आत जाऊ नये, एवढंच पाहायचं माझं काम. एक-सव्वा किलोचं बाळ ते! त्याला मारायला आपला एक न धुतलेला हात पुरतो. माझा दीर म्हणतो, “वयनी, हात धुवा म्हनाचा पगार भेटते तुमाले? मजा हाये!”

मजा ऐका.

* * *

एकदा खोलीतली सॅनिटायझरची बाटलीच दिसेना. आमच्या इन्चार्ज सिस्टर भारी काटकसरी. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “कपाटात हाये. कुलूप लावलं.”

“काहून?”

“बाहेर ठेवली की वापरतात न सारे!”

किल्लीसाठी मी वर अर्ज केला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘चर्चा करावी’.

* * *

आमच्या एक मावशी सकाळी ग्लोव्हज चढवतात ते ड्युटी संपेपर्यंत. त्याच हातांनी दार, त्याच हातांनी मोबाईल, त्याच हातांनी कचऱ्याचा डबा. एक दिवस तेच हात बाळाच्या वजनकाट्याकडे निघालेले पाहिले आणि मी किंचाळलेच!

“मावशी, ग्लोव्हज काहून नाही बदलले?”

मावशींना वाईट वाटलं. ग्लोव्ह थोडा सोलून त्यांनी मला आतला तळवा दाखवला. “पाहा न मॅडम, माये हात अंदरून एकदम साफ हायेत!”

* * *

फुलसावंगीची एक आजी होती. सून ऑपरेशननंतर पडून, म्हणून नातवाला छातीशी धरून ऊब द्यायला आजीला आत घ्यायचं ठरलं. मी तिला कोपरापर्यंत तीनदा हात धुवायला लावले. बांगड्याही काढायला लावल्या. सवाष्ण बाई, हात मोकळे केले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कसंतरीच झालं, पण मी ऐकलं नाही.

तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर आले. ओपीडीतून थेट, मनगटावर जाडजूड घड्याळ. सरळ पेटीत हात घालायला निघाले. आजीनं त्यांचं मनगटच धरलं!

“ओ साहेब! मालक जिता असून मले बांगड्या काढाले लावल्या. अन तुमचं घड्याळ काय देवानं बांधून देलं?”

आम्ही सगळे भिंतीकडे पाहायला लागलो. साहेबांनी मुकाट्यानं घड्याळ काढलं आणि हात धुतले. बारा वर्षांत हे मी त्यांना सांगू शकले नव्हते.

* * *

एकदा तपासणीला पथक आलं. मे महिना, नळाला पाणी नाही. नळाच्या वर मात्र हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं रंगीत पोस्टर. पथकातल्या साहेबांनी पोस्टर वाचलं, मान डोलावली.

“मराठीत आहे. उत्तम!”

आणि पूर्ण मार्क दिले.

* * *

त्याच आठवड्यात आमच्या खोलीतली एक पोरगी गेली. छान वजन धरत होती. तिचा बाप पांढरकवड्याकडचा. डॉक्टरांना म्हणाला, “पोट्टी तर चांगली होऊन राह्यली होती. मंग काय झालं?”

“इन्फेक्शन. जंतू शिरले.”

मग त्यानंच हात जोडले. “आमच्याच घरचे असन, साहेब. कुडाचं घर हाये, कितीबी सारवलं तरी…”

त्याची पोरगी त्या घरी एकदाही गेली नव्हती. जन्मल्यापासून ती आमच्याच पेटीत होती. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

* * *

त्यानंतर आणखी दोन बाळं तापली. रक्तात तोच जंतू. मी हट्ट धरला, खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताचे स्वॅब घ्या. मोठ्या साहेबांपासून मावशींपर्यंत सगळे. लॅबला नावं पाठवायची नाहीत, फक्त नंबर. नाव कळलं की माणूस आधी कारणं सांगतो, हात नंतर धुतो. कोणता नंबर कुणाचा, ती यादी एकट्या माझ्याजवळ.

रिपोर्ट यायच्या आत दोघांतलं एक बाळ गेलं. दुसरी मुलगी मात्र झगडली आणि वाचली.

तिला घरी सोडायच्या दिवशी लॅबच्या मॅडमचा फोन आला. “सिस्टर, बाकी सगळे हात स्वच्छ आहेत. एकच पॉझिटिव्ह आहे, आणि जंतू तोच. सहा नंबर.”

यादी काढायची गरज नव्हती.

समोर मुलीची आई येऊन उभी राहिली होती. नवं टोपरं, नवं दुपटं. फोन माझ्या कानाला आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं. “सिस्टर, सासू म्हनते मी नेतो, हे म्हनतात मी नेतो. पन म्या सांगतलं, जिच्या हातगुणानं पोट्टी वाचली, तिच्याच हातानं दाराबाहेर जाईन.”

“हॅलो? सिस्टर, सहा नंबर कोण आहे?”

“मी,” मी म्हटलं.

“हो, तुमीच!” आई म्हणाली, आणि तिनं पोरगी माझ्या हातात दिली.