नुसतं ‘येतो’

क्वालिटीच्या माणसाला कंपनीत कुणी आपणहून सहलीला बोलवत नाही. मी वीसेक वर्षं त्याच खात्यात काढली, तेव्हा ही काही तक्रार नव्हे. दुसऱ्यानं बनवलेल्या पार्टमध्ये खोट काढायची, त्याला लाल स्टिकर चिकटवायचा आणि वर त्याच्याचकडून चूक का झाली ते लिहून घ्यायचं. असल्या माणसाबरोबर सुट्टीचा दिवस कोण घालवील? तरी त्या हिवाळ्यात मला ट्रेकला नेलं, कारण दहा जण तयार होते आणि टेम्पोत एक सीट रिकामी राहत होती.

आमच्याकडे चूक झाली की ‘व्हाय-व्हाय’ भरतात. हे का झालं, मग ते का झालं, मग तेही का, असं विचारत विचारत मुळापर्यंत जायचं. शेवटच्या ओळीत ‘कम्युनिकेशन गॅप’ लिहून आणलेला फॉर्म मी कधीच घेतला नाही. तोंडावर परत करायचो. “गॅप तोंडात होती की कानात, तेवढं लिहून आण,” म्हणायचो. त्याबद्दल पाठीमागे मला काय काय म्हणत, ते सगळं मला ठाऊक होतं.

आमची कंपनी चाकणला, तिथं सुट्टी गुरुवारची. आम्ही गेलो त्या डोंगरावर रविवारी जत्रा असते, भजीवाल्यापासून सेल्फीवाल्यापर्यंत. गुरुवारी तिथं कुत्रं फिरकत नाही. “सगळा डोंगर आपलाच, भावांनो!” असं आमचा लीडर टेम्पोतून उतरता उतरता ओरडला. लीडर म्हणजे मेंटेनन्सचा इंजिनिअर, लातूरकडचा, बायको आयटीत म्हणून मारुंजीत भाड्यानं राहणारा. अंगानं काटक आणि स्वभावानं गोड. त्याच्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही.

अकरावा मी, आणि दहावे मामा. ते प्रेस शॉपचे ऑपरेटर, मार्चमध्ये रिटायर होणार होते. राहायला पिंपळे गुरवला. कंपनीच्या बसमधून तो डोंगर त्यांना रोज दिसायचा. “तीस वर्षं लांबून बघतोय, एकदा वर जाऊन कंपनी कुठं दिसते ते बघायचंय,” एवढंच त्यांचं म्हणणं. प्रेस शॉपमध्ये एवढा दणदणाट असतो की तिथली माणसं एकतर ओरडून बोलतात, नाहीतर दोन शब्दांत भागवतात. मामा दोन शब्दवाले.

त्यांनी पायात कंपनीचे सेफ्टी शूज घातले होते. पुढं लोखंडी टोपी, खाली टणक तळवा. “मजबूत आहेत,” म्हणाले. दगडावर हे बूट घसरणार, हे मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं. खोट दिसणं हा माझा धंदाच आहे. पण सुट्टीच्या दिवशी कशाला कटकट, म्हणून मी काही बोललो नाही.

निघताना लीडरनं माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. “साहेब, तुम्ही शेवटचे. तुमच्या मागं कुणी राहायचं नाही. एवढं एकच काम.” मी मान डोलावली. मामांनी त्याच वेळी त्याला सांगून टाकलं, “संध्याकाळी आमच्या विहारात बैठक असते. उशीर व्हायला लागला तर मी मधूनच फिरीन. माझ्यासाठी कुणी थांबू नका.” हे सगळ्यांनी ऐकलं. पुढं जे झालं, त्याला हे वाक्य फार उपयोगी पडलं.

शेवटचं चालणं म्हणजे मामांच्या मागं चालणं. ते वीस पावलं चालायचे आणि थांबायचे. मीही थांबायचो. पुढच्यांचा स्पीकर वाजत वाजत लांब गेला, मग हसण्याचे आवाज तेवढे यायला लागले. तासाभरात मी कंटाळलो. आयुष्यात पहिल्यांदा कंपनीतल्या लोकांनी मला कुठं नेलं होतं, आणि मी एका माणसाच्या टाचा बघत चाललो होतो. खरं सांगतो, मला मामांचा राग यायला लागला होता.

निम्म्या वाटेवर एक सपाटी आहे, बाजूला पाण्याचं टाकं. मामा तिथं दगडावर बसले, एक बूट काढला आणि अंगठा चोळायला लागले. वरून कुणीतरी ओरडलं, “पोहे सोडलेत रे, या लवकर!” मी म्हटलं, “काय मामा, काय करायचं?”

मामा मान वर न करता म्हणाले, “येतो मी.”

“या सावकाश,” मी म्हणालो आणि चढायला लागलो.

वर पोचायला मला अर्धा तास लागला. सगळे डबे उघडून गोल बसले होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. एकानं हातात पोह्यांची प्लेट दिली. एवढं बरं वाटलं की विचारू नका. लीडरनं विचारलं, “मामा काय करायलेत?”

“गेले ते,” मी म्हणालो. “टाक्यापाशी ‘येतो’ म्हणाले.”

झालं. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो. कुणी ‘येतो’ म्हणून गेला म्हणजे गेला, यात विचारण्यासारखं काय आहे? वर विहाराची बैठक सगळ्यांच्या कानावर होतीच. “मग दहा झालो आपण,” लीडर म्हणाला आणि त्यानं पोह्यांत लिंबू पिळलं.

त्याच्या मोबाइलवर पलीकडच्या बाजूनं उतरणारी वाट दिसत होती. आल्या वाटेनं कशाला परत जायचं, सगळे दहा तर इथंच आहोत, असं म्हणून त्यानं ड्रायव्हरला फोन करून टेम्पो पलीकडच्या गावात मागवला. टाक्यापाशी आमच्यातलं कुणी परत गेलंच नाही. मामा मागं आहेत असं वाटलं असतं तर लीडरनं हे कधीही केलं नसतं.

तीनच्या सुमाराला आम्ही पलीकडे उतरलो. टेम्पोत बसलो. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. “मामा राहिले ना हो?”

“ते सकाळीच गेले घरी.”

“घरी? मी साडेबारापर्यंत तिकडच्या पारापाशीच होतो. माझ्यासमोरून तर कुणी गेलं नाही.”

मी मामांना फोन लावला. रिंग टेम्पोतच वाजायला लागली. सीटखाली त्यांची कापडी पिशवी होती, तिच्यात फोन, स्वेटर आणि न उघडलेला डबा. लीडर फक्त म्हणाला, “चला चला चला, गाडी फिरवा.”

डोंगराला वळसा घालून पहिल्या गावात पोचायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी माझं व्हाय-व्हाय भरलं. फॉर्मशिवाय, मनातल्या मनात. नको नको म्हणत असताना भरलं. डोळ्यांसमोर सारखा एक बूट काढलेला माणूस येत होता. घरी निघालेला माणूस आधी बूट घालतो.

पायथ्याशी शेळ्या घेऊन एक बाई उतरत होत्या. लीडरनं विचारलं, वयस्कर माणूस दिसला का, निळा शर्ट.

“दिसला न्हाई बाबा. पर दुपारच्याला गुरांच्या वाटंनं कुनीतरी वराडत व्हतं. मला वाटलं तुमचीच पोरं मस्करी करत्यात. ट्रेकवाली लई वराडत्यात, आमी आता ध्यान देत न्हाई.”

आम्ही पाच जण वर पळालो. पळालो म्हणजे धापा टाकत चढलो, माझं वय पन्नासच्या घरात. टाक्याच्या पुढं दोन वाटा फुटतात. उजवीकडची माथ्यावर जाते. डावीकडची गुरांची, चांगली मळलेली. ज्याला रस्ता माहीत नाही तो डावीकडेच जाणार. तिथं एखादा माणूस उभा असला पाहिजे, मागून येणाऱ्याला हात करायला. शेवटचा माणूस नेमका यासाठीच असतो.

मी शिट्टी वाजवली. दिवसभरात पहिल्यांदा. पुन्हा वाजवली.

“ओ!” असा आवाज आला. बसलेला, घोगरा, पण मामांचाच.

घसाऱ्यावर वाळक्या गवतात ते पाय पसरून बसले होते. बूट घसरला होता, घोटा टम्म सुजला होता. पाण्याची बाटली रिकामी शेजारी उभी करून ठेवलेली. आमच्या प्रत्येक लाइनवर एक पिवळा बोर्ड आहे: थांबा, बोलवा, वाट बघा. काही बिघडलं की ऑपरेटरनं जागेवरून हलायचं नाही, माणूस येईपर्यंत. मामांनी तेच केलं होतं. सकाळी पावणेअकरापासून उन्हं कलेपर्यंत.

आम्हाला बघून त्यांनी आधी बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

“बाकीचे?” त्यांनी विचारलं. “सगळे आहेत ना? मला वाटलं तुम्हालाच वर काहीतरी झालं. त्याशिवाय कुणी येणार नाही असं कसं होईल?”

लीडर खाली बसला आणि सरळ रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

उतरताना मामांचा एक हात लीडरच्या खांद्यावर आणि एक माझ्या. टाक्यापाशी टेकलो तेव्हा लीडर पाणी भरायला गेला. मामा हळूच म्हणाले, “मी तुम्हाला येतो म्हणालो होतो ना, साहेब?”

“हो. मला वाटलं, तुम्ही निघालात.”

त्यांनी सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. मग म्हणाले, “निघालो असतो तर ‘चला’ म्हणालो असतो की.”

बरोबर होतं. निघणारा माणूस उठतो, हात वर करतो, म्हणतो, “चला, येतो मी.” आधी ‘चला’ असतं. नुसतं ‘येतो’ म्हणजे मागून येतो. हे कुणालाही कळतं. मलाही कळलं होतं. म्हणून तर मी ‘या सावकाश’ म्हणालो होतो. टाक्यापाशी माझ्या कानात काही गॅप नव्हती. त्यानंतरच्या अर्ध्या तासाच्या चढात कधीतरी मी ठरवून टाकलं की ते गेले असावेत. ते गेले असते तर मला शेवटचं राहावं लागणार नव्हतं.

पाच दिवसांनी मामा घोट्याला पट्टा बांधून कामावर आले. लीडरनं चहाच्या वेळेत खरोखरचा फॉर्म काढला. पुन्हा असं होऊ नये म्हणून. तो असल्या बाबतीत प्रामाणिक आहे. सगळे जमले. का, का करत गाडी टाक्यापर्यंत आली. त्यानं विचारलं, “मामा, तुम्ही ‘येतो’ म्हणालात, म्हणजे निघतो असंच ना?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, घोटभर चहाला लागेल तेवढा वेळ. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. समोर तेच नऊ जण बसले होते, ज्यांनी सरकून मला जागा दिली होती. माझी जीभ उचलली नाही.

“माझंच चुकलं,” मामा म्हणाले. “नीट बोलायला पाहिजे होतं.”

लीडरनं शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘कम्युनिकेशन गॅप’. मग माझ्याकडे बघून हसला. “साहेब, आता तुम्ही हा परत फेकणार!” सगळे हसले. मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

मार्चमध्ये मामांचा निरोप झाला. हार, शाल, कॅन्टीनमध्ये गुलाबजाम. शिफ्ट सुटताना सगळे त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी ओळखपत्र खिडकीत दिलं, प्रत्येकाशी हात मिळवला. मी मागं उभा होतो. माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात धरला आणि सोडला नाही.

“चला, येतो मी,” ते म्हणाले. मग जरा पुढं वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या प्रेस शॉपच्या आवाजात, “‘चला’ म्हणालोय बरं का, साहेब. आता खुशाल गेलो म्हणून सांगा!”

लोक खो खो हसले. त्यांना ती नेहमीची थट्टा वाटली. मामाही हसत होते, आणि त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. आपल्याकडे ‘येतो’ म्हणणाऱ्याला ‘या’ म्हणतात. मला तेवढं एक अक्षर म्हणायचं होतं. ते गेटबाहेर पडून रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही.