गंगीची वाकडी नाली

गंगी मेली.

आज सकाळी, चहा पिता पिता. अर्धा कप तसाच राह्यला म्हणे. चहा सोडणारी बाई नव्हती ते, म्हणून मले खरं वाटलं.

रडून झालं माहं. आता एक गोष्ट सांगतो, कारण आता मले धमकी देणारं कोणी उरलं नाही.

मी बोलतो न् फोन टाइप करते. चुकलं त फोनाले बोला.

तवा इंग्रजाचं राज होतं. आमी दोघी दहा-दहा वर्साच्या. जऊळका स्टेशनापासून पायी घंटाभर आमचं गाव.

गावात प्याच्या पाण्याची एकच विहीर, पायऱ्याची. बाया खाली उतरत, पाय पाण्यात घालत न् घागर भरत. त्याच पाण्यानं नारू होये. पोटरीतून दोऱ्यासारखा लांब जंत निघे, न् तो काडीले गुंडाळत मानूस महिनाभर खाटेवर.

एक दिवस दवंडी झाली.

विहीर आता गावाच्या हातात नाही, सरकारच्या कमेटीकडे. पायऱ्या बंद. वरतून चाक न् दोर. काठाले फरशी. न् सांडपाण्याले पक्की नाली, थेट नाल्यापर्यंत.

गाव नुसतं येडं झालं.

"आता पाय नाही बुडवाचे म्हणे."

"मंग घागर का हवेतून भरते वं?"

"चाकावरून. दोर ओढला का पाणी वर."

"अन् सासू कशानं वर येते, ते इचार सायबाले."

असं हसणं चाललं होतं. फक्त गंगीची माय हासत नव्हती.

ते बाई गंगीच्या जल्माआधीच विधवा झालती. विहिरीच्या खालच्या अंगाले तिची लहानशी वाडी. वांगे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सारं विहिरीच्या काठावरच्या धुण्याभांड्याच्या सांडपाण्यावर. बाजाराच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन जऊळक्याले जाये, न् त्यावर दोघी मायलेकी जगत. दुसरं काहीच नव्हतं.

ओव्हरशिअर सायेब आला, खाकी हाफपँट घालून. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. वाडीले सोडून लाइन सरळ नाल्याकडे गेली.

गंगीच्या मायनं मेथीचं बी आणलं होतं. ते गाठोडं तिनं परत आढ्याले बांधून ठेवलं.

"आता पेरून काय करू," इतकंच बोलली.

आता ऐका. त्या खुंट्याची राखण माह्या बापाकडे होती. एक खुंटी हालली त तुहं काम गेलं, असं सायबानं सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरचे सारे भाकर खाले गेले. माहा बापही जेवला, लिंबाखाली आडवा झाला न् घोरू लागला.

म्या गंगीले म्हटलं, "चाल."

"नको वं. तुह्या बापाचं काम जाईन."

"तो उठत नाही. माह्या मायले इचार."

खुंट्या म्या उपटल्या. म्याच ठोकल्या. गंगी नुसती पायानं जागा दाखवे. "इथं नाही, हातभर खाली. इथून पाणी चढत नाही वं बैताड." माळणीची पोरगी, वाफ्याले पाणी कसं वळवाचं हे तिले कोणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं.

दोरी वाडीकडे वळली.

बाप उठला, खुंट्या मोजल्या. बरोबर भरल्या. कुठं ठोकल्या हे त्यानं पाह्यलंच नाही.

सायेब तवा दुसऱ्या गावच्या कामावर होता. गड्यायनं दोरी पाहून नाली खोदली. गवंड्यायनं दगड बसवले.

मंग आला टेस्टिंगचा दिवस. सारं गाव गोळा. नारळ फोडला, चाकाले हळदकुंकू लावलं. पहिली बादली वर आली, पाटलाच्या बाईनं फरशीवर ओतली, न् पाणी निघालं नालीतून. पोट्टे पाण्याच्या संगं धावले.

अर्ध्यात पाणी वळलं न् गंगीच्या वांग्यात शिरलं.

सायबानं कागद पाह्यला. नाली पाह्यली. परत कागद पाह्यला.

"खुंट्या कोणं हलवल्या?"

माह्या बापाचं तोंड राखेसारखं झालं. म्या मायच्या पदरामांगं लपली. खोटं कायले सांगू, लपलीच.

गंगी पुढं झाली. "म्या, सायेब."

पाटलानं तिले साऱ्या गावासमोर कान धरून वीस उठाबशा काढाले लावल्या. तिनं काढल्या. दर उठाबशीले माह्याकडं पाहे.

मंग सायबानं इचारलं, "काहून हलवल्या?"

धापा टाकत म्हणे, "नाल्यात गेलं त वाया जाईन, सायेब. वाडीत गेलं त वांगे येतीन."

सायबानं आपलं उताराचं यंत्र लावून पाह्यलं. मंग पेन्सिल काढली न् कागदावरची सरळ रेघ खोडून वाकडी काढली.

"उतार बरोबर आहे," म्हणे. "माह्यापक्षा बरोबर आहे."

बापाचं काम वाचलं. त्या सांजी आढ्याचं गाठोडं खाली आलं. महिन्याभरात आमच्या घरी मेथीच्या जुड्या, फुकट.

पण गंगीनं ऐंशी वर्स वसूल केलं माह्याकडून.

माह्या लग्नात, अंतरपाटाजवळ येऊन कानात म्हणे, "सांगू का खुंट्याचं?" माह्या हिरव्या बांगड्या गेल्या. तिच्या पोरीच्या बारशाले माहं चांगलं लुगडं गेलं. मी इंझोरीले दिलेली, ते शिरपूरले, तरी दर दिवाईले अनारशाचा डबा पोचता कराचा म्हणजे कराचा. माहे मालक गेले तवा गळ्यात पडून रडली, न् रडता रडता म्हणे, "त्यायले तरी सांगतलं होतं का वं?"

नव्हतं सांगतलं.

आज साऱ्यायले सांगतो. उठाबशा गंगीच्या, खुंट्या माह्या.

गावात आता नळ आहेत. नाली सिमेंटची झाली. कोणी गेलं त पाहून या, अर्ध्यात ते अजून वाकडीच आहे.

फुलंगिलं मले काही सुचत नाही. कुंडीतल्या वांग्याले आज तुह्या नावानं तांब्याभर पाणी घातलं.

जाय वं गंगे, सुखानं जाय.

तिथं कोणी खुंट्या ठोकल्या असतीन त हात लावू नको. जागा पाहून ठेव फक्त.

उपटाले मी येतो.