सहा इमारतींचं पाणी

एका अंगाला रेल्वेचा कारखाना, दुसऱ्या अंगाला मोठा कालवा आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सहा इमारतींची वसाहत. बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती. शहर वाढत गेलं आणि वसाहत बसल्या जागी मध्यवस्तीत आली. वसाहतीच्या आधी तिथे वीटभट्ट्यांचा खड्डा होता. तो बुजवणाऱ्या मजुरांत नळदादाचे वडील होते, म्हणून त्यांना पहिल्या इमारतीत खोली मिळाली. बापाने खड्डा बुजवला, पोराने त्यात पाइप टाकले.

चौतीस वर्षं वसाहतीचं पाणी नळदादाच्या हातात होतं. कुठली लाइन कोणाच्या मोरीखालून जाते, सगळं तोंडपाठ. नकाशे ऑफिसातल्या वाळवीने कधीच फस्त केले होते. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो पाचव्या इमारतीच्या टाकीवर चढला. "लोकांनी आंघोळी करायच्या नाहीत का?" एवढंच मुलीला म्हणाला.

पुढे वसाहत पाडायचं ठरलं. घरं रिकामी होत गेली. एक दिवस इंजिनिअर आला, नळदादाच्या मुलीच्या वयाचा.

"काका, मुख्य लाइन कुठून येते ते तुम्हालाच ठाऊक म्हणतात. ती बंद केल्याशिवाय मशीन आत घेता येत नाही."

नळदादाने खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर सगळं काढून दिलं. अर्धा तास लागला. आत काहीतरी तुटेल असं त्याला वाटलं होतं. काही तुटलं नाही. गुडघे तेवढे दुखले.

जिन्यात शिवणवाल्या मावशी उभ्या होत्या. सहाव्या इमारतीत त्यांचं एकच बिऱ्हाड उरलं होतं.

"घरभेदी निघालास की रे."

"मी नसतं सांगितलं तर खणून काढलं असतं त्यांनी, मावशी."

"काढू द्यायचं होतं! चार दिवस तरी मिळाले असते."

चार दिवसांत काय करणार होतात, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. पण तो वळून अंगणात गेला.

सोमवारी सकाळी त्याने मुख्य व्हॉल्व्ह फिरवला. गंजलेला होता, पाना दोनदा सटकला. मावशींनी पाणी बंद होण्याची नोटीस वाचलीच नव्हती. चौथ्या मजल्यावरून हाक आली, "अरे दादा, पाणी गेलं!"

"येतंय, येतंय! दहा मिनिटं!" इतकी वर्षं जे म्हणायचा तेच तोंडून निघून गेलं.

मग तो फाटकाबाहेरच्या टँकरवर गेला, दोन बादल्या भरल्या आणि थांबत थांबत चौथा मजला चढला. मावशींनी बादल्या आत घेतल्या. वर न बघता म्हणाल्या, "चहा टाकू?"

"टाका."

दोघं चहा प्यायले.

गुरुवारी मावशी भाच्याकडे गेल्या, नळदादा मुलीकडे. पाडकाम नऊ दिवस चाललं. "बघायला नाही जायचं?" मुलीने विचारलं.

"उन्हाचं कोण जाणार," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.